आकडा कशापासून मोजला? डीएनए-आरएनएच्या रचनांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात डीएनए आणि आरएनए यांच्या त्रिमितीय रचनांचे मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : डीएनएचे रंगीत, फिरवता येणारे चित्र संगणकावर आता कोणालाही पाहता येते. मग विश्लेषणासाठी वेगळे सॉफ्टवेअर कशाला हवे? चित्रात दिसत नाही असे ते काय सांगते?
— एक निवृत्त विज्ञानशिक्षक, कागल

उत्तर : पायमॉल, जेमॉल किंवा कायमेराएक्स यांसारखी सॉफ्टवेअर रचना दाखवतात, विश्लेषणाची सॉफ्टवेअर ती मोजतात. चित्रात रेणू वाकलेला दिसतो, परंतु तो नेमका कोणत्या दोन बेस-जोड्यांच्या मध्ये (बेस म्हणजे ए, टी, सी, जी ही डीएनएची ‘अक्षरे’; आरएनएत टीऐवजी यू), किती अंशांनी आणि कोणत्या अंगाला वाकला आहे, हे नजरेने सांगता येत नाही. प्रथिन जोडल्यावर हा वाक वाढला की कमी झाला, हे तर आकड्यांवाचून ठरवणेच अशक्य आहे.

मूळ माहिती अगदी रूक्ष असते. प्रोटीन डेटा बँक या १९७१पासून चालत आलेल्या जागतिक संग्रहातील फाइलमध्ये प्रत्येक अणूचे नाव आणि त्याचे क्ष, य, झ हे तीन सहनिर्देशक एवढेच मुख्यतः लिहिलेले असते. ‘१बीएनए’ या क्रमांकाची नोंद पाहा. सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी हा बारा अक्षरांचा क्रम असलेल्या दुहेरी डीएनएची ही स्फटिकरचना रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने १९८०च्या सुमारास उलगडली. हायड्रोजन आणि पाणी वगळता तिच्यात ४८६ अणू आहेत. त्या अणूंच्या यादीत कोणता बेस कोणाशी जोडी करतो हे कोठेही लिहिलेले नसते. सॉफ्टवेअर ते अंतरांवरून आणि कोनांवरून शोधून काढते, बारा जोड्या आणि त्यांमधल्या अकरा पायऱ्या ठरवते, आणि मग प्रत्येक जोडीसाठी सहा व प्रत्येक पायरीसाठी सहा अशी परिमाणे काढते. जोडीतील दोन बेस पंख्याच्या पात्यांसारखे एकमेकांविरुद्ध पिळलेले असतील तर तो ‘प्रोपेलर’. एक जोडी तिच्या खालच्या जोडीच्या तुलनेत जेवढी फिरली तेवढा तिचा ‘ट्विस्ट’, जेवढी वर गेली तेवढा ‘राइज’, जेवढी एका खाचेकडे (दोन साखळ्यांमधल्या खोबणीकडे) कलली तेवढा ‘रोल’, आणि लांबीच्या दिशेने जेवढी सरकली तेवढा ‘स्लाइड’. याशिवाय साखर-फॉस्फेटच्या कण्याचे अल्फापासून झीटापर्यंतचे सहा पीळकोन, साखरेचा आकार आणि खाचांची रुंदीही मिळते.

प्रश्न : प्रकल्पासाठी ए-प्रकारच्या डीएनएची एक रचना मी थ्रीडीएनए या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधून तपासली. एका तक्त्यात लगतच्या जोड्यांमधील राइज सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आला आणि त्याच आउटपुटमध्ये खाली दुसऱ्या तक्त्यात तो २.८ दिसला. एका जुन्या शोधनिबंधात त्याच रचनेचे आकडे आणखी निराळे आहेत. मार्गदर्शक म्हणतात की यांपैकी एकच बरोबर असणार. तो कोणता?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या आउटपुटमधील दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि जुन्या निबंधातले आकडेही बहुधा चुकीचे नसावेत. पन्हाळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सांगितली तर एक येते आणि पायथ्यापासून सांगितली तर दुसरी. गड तोच असतो. राइजचेही तसेच आहे.

पहिल्या तक्त्यातील राइज ‘स्थानिक’ आहे. लगतच्या दोन जोड्यांना प्रत्येकी एक निर्देशचौकट (मोजमापासाठीचे तीन अक्ष) बसवायची, त्या दोघींच्या बरोबर मधोमध एक तिसरी चौकट कल्पायची आणि तिच्या उभ्या अक्षावर अंतर मोजायचे, अशी ती रीत आहे. एकावर एक रचलेल्या सपाट बेसांची जाडी येथे निर्णायक ठरते. ती ए आणि बी (डीएनएचा नेहमीचा प्रकार) या दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारखीच असल्यामुळे हा राइजही दोन्हींत सरासरी ३.३ अँगस्ट्रॉमच्या आसपासच येतो. दुसऱ्या तक्त्यातील राइज मळसूत्राच्या अक्षावर मोजलेला आहे. ए-प्रकारात जोड्या त्या अक्षाशी सुमारे पंधरा अंशांनी तिरक्या बसतात, अक्षापासून चारएक अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीला स्लाइड उणे दीडच्या आसपास असतो. या तिरकसपणामुळे आणि घसरणीमुळे अक्षाच्या दिशेने होणारी प्रत्यक्ष चढण २.८ एवढीच उरते. बी-प्रकारात जोड्या अक्षाला जवळपास काटकोनात असतात, म्हणून तेथे दोन्ही तक्ते एकमेकांशी जुळतात आणि हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. रचना ए आहे की बी, हे स्थानिक राइजवरून ठरवू नये, कारण तो दोघांत सारखाच असतो. त्यासाठी स्लाइड आणि रोल पाहावेत; ए-प्रकारात रोल सरासरी आठ अंशांच्या आसपास असतो आणि बी-प्रकारात शून्याच्या जवळ. याहून खात्रीचे परिमाण म्हणजे फॉस्फरसचे मधल्या चौकटीतील उभे स्थान, ज्याला आउटपुटमध्ये झेडपी म्हटलेले असते. ते दीड अँगस्ट्रॉमच्या वर असेल तर ए आणि अर्ध्याच्या खाली असेल तर बी, असा ढोबळ नियम आहे.

आता जुन्या निबंधाविषयी. या परिमाणांची नावे आणि त्यांच्या धन-ऋण दिशा १९८८ साली केंब्रिजच्या बैठकीत ठरल्या, पण बेसवर निर्देशचौकट नेमकी कोठे आणि कशी बसवायची हे तेव्हा मोकळेच राहिले. कोणी प्युरिनचा (ए, जी) आठवा कार्बन आणि पिरिमिडिनचा (सी, टी) सहावा कार्बन जोडणारी रेषा आधाराला घेतली, तर कोणी दोन्ही साखरांच्या पहिल्या कार्बनांमधली. आधार बदलला की जरा वेड्यावाकड्या असलेल्या जोडीचे आकडे लगेच बदलतात. शियांग-जुन लू आणि विल्मा ओल्सन यांनी १९९९मध्ये दाखवून दिले की निरनिराळ्या सॉफ्टवेअरमधील तफावत मुख्यतः गणिती पद्धतीतून येत नाही. ती चौकटीच्या निवडीतून येते. त्याच वर्षी जपानमधील त्सुकुबा येथे एक प्रमाणचौकट मान्य झाली आणि ती २००१ साली प्रसिद्ध झाली. थ्रीडीएनए ही २००३ची प्रणाली आणि रिचर्ड लॅव्हरी व सहकाऱ्यांची कर्व्ह्ज प्लस ही २००९ची प्रणाली, या दोन्ही तीच चौकट वापरतात. म्हणून तुमच्या हातातील निबंध २००१पूर्वीचा असेल तर त्यातील आकडे तुमच्या आकड्यांशेजारी एकाच तक्त्यात मांडू नका. मूळ सहनिर्देशक घ्या आणि आजच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा मोजा. प्रबंधात सॉफ्टवेअरच्या नावासोबत त्याची आवृत्ती आणि राइज स्थानिक की मळसूत्राचा, एवढे दोन शब्द लिहिले तर परीक्षकांचा अर्धा तास वाचतो.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात एएटीटी या पट्ट्यातील लहान खाच तीन-चार अँगस्ट्रॉम रुंद असल्याचे वाचले. आमच्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर नऊच्या पुढचे आकडे देते. फाइल सदोष आहे का?
— प्राध्यापिका, जयसिंगपूर

उत्तर : फाइल निर्दोष आहे. थ्रीडीएनए खाचेची रुंदी समोरासमोरच्या फॉस्फरस अणूंच्या केंद्रांपासून मोजते. दोन्ही काठांवरचे फॉस्फेट गट स्वतः जागा व्यापतात आणि ती जागा खाचेत शिरणाऱ्या रेणूला मिळत नाही. त्यासाठी ५.८ अँगस्ट्रॉम वजा करायचे असतात, आणि तशी स्पष्ट सूचना आउटपुटमध्ये त्या तक्त्याच्या डोक्यावरच छापलेली असते; ती वाचायची मात्र राहून जाते. नऊ-साडेनऊमधून ५.८ वजा केले की पुस्तकातला आकडा मिळतो. डीएपीआय आणि हेक्स्ट यांसारखी रंगद्रव्ये नेमकी याच अरुंद पट्ट्यात जाऊन बसतात. वर्गात हे उदाहरण अवश्य वापरावे, कारण याच पट्ट्यात जोड्यांचा प्रोपेलर पीळही इतर भागापेक्षा मोठा असतो आणि खाच अरुंद होण्याशी त्याचा संबंध विद्यार्थ्यांना तक्त्यातच दाखवता येतो.

प्रश्न : यीस्टच्या फिनिलअ‍ॅलनिन टी-आरएनएची (प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या आरएनएची) ‘१ईएचझेड’ ही रचना डीएसएसआर या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. पुस्तकातल्या त्रिदलासारख्या आकृतीत २१ जोड्या आहेत, सॉफ्टवेअरने त्यांहून कितीतरी अधिक दाखवल्या. शिवाय ‘स्टेम’ चार आणि ‘हेलिक्स’ दोनच, असेही ते सांगते. या जादा जोड्या खऱ्या धराव्यात का?
— संशोधक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : धराव्यात, त्या जोड्यांमुळेच तर टी-आरएनए टी-आरएनए होतो. पुस्तकातली आकृती सपाट आहे. तिच्यात सात, चार, पाच आणि पाच अशा एकवीस जोड्यांचे चार दांडे दिसतात, आणि सॉफ्टवेअर त्यांनाच स्टेम म्हणते. प्रत्यक्षात ७६ न्यूक्लिओटाइडांचा हा रेणू इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोनात दुमडलेला आहे. त्याच्या एका भुजेत अमिनो आम्ल धरणारा सात जोड्यांचा दांडा आणि पाच जोड्यांचा टी-दांडा एकमेकांवर अखंड रचले जातात. दुसऱ्या भुजेत डी-दांडा आणि प्रतिसंकेताचा दांडा. साखळी मध्ये तुटली असली तरी बेसांची चळत सलग राहते. सॉफ्टवेअरच्या भाषेत हेलिक्स म्हणजे ही सलग चळत. म्हणून चार स्टेम आणि दोन हेलिक्स, हा हिशेब बरोबर आहे.

जादा जोड्यांची फोड केली तर रचना उकलत जाते. डी आणि टी या दोन फासांना (दांड्यांच्या टोकांवरच्या वळणांना) एलच्या कोपऱ्यात बांधून ठेवणारी १९–५६ ही जी-सी जोडी नेहमीच्या वॉटसन-क्रिक घडणीची आहे, फक्त सपाट आकृतीत तिचे दोन बेस एकमेकांपासून फार लांब पडतात. १५–४८ ही जोडीही जी आणि सी यांचीच, पण तिच्यात एक बेस उलटा फिरलेला असतो. रचना उलगडण्यापूर्वीच, १९६९ साली, मायकेल लेव्हिट यांनी तिचे भाकीत केले होते, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ८–१४ या यू-ए जोडीत ए आपली हूगस्टीन कड (कडांविषयी पुढे) पुढे करतो. ४–६९ ही जी-यू जोडी तर दांड्यातच बसलेली आहे. याखेरीज तीन बेस एका पातळीत येऊन झालेल्या त्रिकुटांची स्वतंत्र यादीही आउटपुटमध्ये मिळेल. ८-१४-२१ हे त्यांपैकी एक.

अशा जोड्यांना नावे देण्याची शिस्त निओक्लेस लिऑन्टिस आणि एरिक वेस्टहोफ यांनी २००१मध्ये घालून दिली. प्रत्येक बेसला वॉटसन-क्रिक, हूगस्टीन आणि साखर अशा तीन कडा आहेत. कोणती कड कोणत्या कडेला भिडते आणि दोन्ही साखरा हायड्रोजन बंधांच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, यावरून बारा घराणी पडतात. डीएनएचा अभ्यास करताना त्यांपैकी एकाच घराण्याशी बहुतेक वेळा गाठ पडते. आरएनएमध्ये मात्र बाकीची अकराही घराणी राबती असतात.

हा मुद्दा आणखी एका कारणासाठी लांबवतो. या रेणूतील ७६पैकी १४ बेस रासायनिक बदल झालेले आहेत: डायहायड्रोयुरिडिन, स्यूडोयुरिडिन, सदतिसाव्या जागेवरचा वायब्युटोसिन, आणि असेच इतर. फाइलमध्ये त्यांची नावे ए, सी, जी, यू अशी नसून तीन अक्षरी संकेतांत असतात. केवळ नावावरून बेस ओळखणारी साधी स्क्रिप्ट त्यांना सरळ वगळते, आणि मग नेमक्या कोपऱ्यातल्या जोड्या गायब होतात. थ्रीडीएनए आणि डीएसएसआर कड्यातील अणूंची मांडणी पाहून बेस ओळखतात, म्हणून त्यांच्या यादीत हे चौदाही बेस येतात. तुम्ही स्वतः पायथॉनमध्ये काही लिहिले असेल तर प्रथम बेसांची मोजदाद करा. ती ६२ आली, तर चौदा कोठे गेले हे वेगळे सांगायला नको.

‘खऱ्या’ जोडीचा निकष काय, हेही विचारले आहे. थ्रीडीएनएच्या मूळ मांडणीत दोन बेसांच्या चौकटींचे आरंभबिंदू पंधरा अँगस्ट्रॉमच्या आत असावेत, उभे अंतर अडीचपेक्षा जास्त नसावे, दोन पातळ्यांमधील कोन पासष्ट अंशांपेक्षा कमी असावा, आणि किमान एक हायड्रोजन बंध असावा, अशा अटी असतात. क्ष-किरण रचनांत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, म्हणून बंधही ऑक्सिजन-नायट्रोजन यांच्या परस्पर अंतरांवरून मानलेला असतो. या मर्यादा बदलता येतात आणि बदलल्या की काठावरची एखादी जोडी आत किंवा बाहेर जाते. त्यामुळे एकाच हायड्रोजन बंधावर टेकलेली जोडी निष्कर्षाचा आधार करण्यापूर्वी एफआरथ्रीडी किंवा आणखी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसते का, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : या कामाला महागडा संगणक लागतो का? आणि आपल्याकडे, भारतात, असे काही झाले आहे का?
— शाहूपुरी, तसेच गडहिंग्लज येथील दोन वाचक

उत्तर : स्थिर रचनेच्या मोजमापासाठी घरातला साधा लॅपटॉप पुरतो, १बीएनएसारखी फाइल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मोजून होते. ज्यांना आज्ञावली टाइप करण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थ्रीडीएनएची संकेतस्थळावरून चालणारी आवृत्तीही आहे. रेणूची हालचाल अनुकरणातून पाहायची आणि तिच्या हजारो क्षणचित्रांचे मोजमाप करायचे असेल तरच ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र किंवा विद्यापीठाच्या संगणकगृहाची मदत लागते. परवाना मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरचा निराळा असतो आणि काळानुसार बदलतोही, तो उतरवून घेण्यापूर्वी वाचावा.

भारतात या विषयाची परंपरा जुनी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मंजू बन्सल, धनंजय भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी केलेली न्यूपार्म ही प्रणाली १९९५ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे थ्रीडीएनएच्या आठ वर्षे आधी. पुढे कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधील भट्टाचार्य यांच्या गटाने आरएनएमधील अनियमित जोड्या शोधणारी बीपीफाइंड तयार केली. आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्पांत ही नावे क्वचितच आढळतात. ती तेथे असायला हरकत नाही.

प्रश्न : आता अल्फाफोल्ड ३ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आरएनएचीही रचना देते. मग स्फटिकरचना आणि हे सगळे मोजमाप मागे पडणार का?
— जैवतंत्रज्ञानाचे पदवीधर, ताराबाई पार्क

उत्तर : उलट मोजमापाची गरज वाढली आहे. अल्फाफोल्ड ३ मे २०२४मध्ये जाहीर झाले आणि ते प्रथिनांसोबत डीएनए-आरएनएचीही रचना वर्तवते, हे खरे. पण अशा प्रणाली प्रोटीन डेटा बँक या ज्या संग्रहावरून शिकतात त्यात दोन लाखांहून अधिक नोंदी असल्या तरी केवळ आरएनए असलेल्या नोंदी एक टक्क्याच्या आसपासच आहेत. रचनाभाकितांच्या कॅस्प स्पर्धेत २०२२ साली आरएनएचा प्रथमच समावेश झाला तेव्हा आघाडीवर राहिलेल्या गटांची भिस्त यंत्रशिक्षणापेक्षा जाणकारांच्या हातावर होती. त्यानंतर प्रगती झाली आहे, परंतु भाकीत केलेली रचना हाती आली की तिची तपासणी करणे हे वापरणाऱ्याचेच काम आहे.

ही तपासणी कशी करावी याचा एक नमुना देतो. आरएनएमधील साखर बहुतेक ठिकाणी सी३-एंडो आकारात (तिसरा कार्बन कड्याच्या पातळीतून बेसच्या बाजूला उचललेला) असते, काही मोजक्या वळणांवर सी२-एंडो (दुसरा कार्बन तसा उचललेला). हे ओळखण्यासाठी साखरेपुढच्या फॉस्फरसपासून, साखर आणि बेस यांना जोडणाऱ्या बंधाच्या रेषेवर लंब टाकायचा. तो २.९ अँगस्ट्रॉमपेक्षा मोठा असेल तर सी३-एंडो अपेक्षित, लहान असेल तर सी२-एंडो. फाइलमधील साखरेचा आकार या अपेक्षेच्या विरुद्ध निघाला, तर तेथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे. मॉलप्रोबिटी हे सॉफ्टवेअर हीच चाचणी लावते. तिची गंमत अशी की फॉस्फरस आणि बेस हे दोन्ही अस्पष्ट प्रतिमेतही बऱ्यापैकी ओळखू येतात, साखरेचा आकार मात्र येत नाही. म्हणून तीन अँगस्ट्रॉम विभेदनाच्या, म्हणजे जरा अस्पष्ट, प्रायोगिक रचनांनाही ही चाचणी तितकीच लागू पडते. प्रयोगातून आली म्हणून रचना निर्दोष आणि संगणकातून आली म्हणून संशयित, अशी सरसकट वाटणी करू नये.

प्रश्न : रायबोसोमची (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेची) फाइल प्रोटीन डेटा बँकेच्या जुन्या पीडीबी स्वरूपात मिळतच नाही. का?
— पीएच.डी.चा विद्यार्थी, उजळाईवाडी

उत्तर : त्या स्वरूपात अणूच्या अनुक्रमांकासाठी पाच आणि साखळीच्या नावासाठी एकच रकाना असतो, म्हणून ९९,९९९ अणू आणि ६२ साखळ्या यांपलीकडे ते जात नाही. ज्याच्या रचनांसाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना २००९चे नोबेल मिळाले, त्या रायबोसोमच्या संपूर्ण कणात एक लाखाहून अधिक अणू असतात. पूर्वी अशा रचना तुकडे करून ठेवत. २०१४पासून त्या एमएमसिफ या नव्या स्वरूपात एकसंध मिळतात. डीएसएसआर हे स्वरूप थेट वाचते. तुमच्याकडे रकाने मोजून मजकूर कापणारी जुनी स्क्रिप्ट असेल, तर ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा बायोपायथॉन या पायथॉनच्या तयार संचातील एमएमसिफ वाचणारा भाग वापरावा, आणि साखळीचे नाव दोन किंवा अधिक अक्षरांचे असू शकते हे पुढच्या सर्व ओळींत गृहीत धरावे.